पाहिलेले आणि सांगितलेले : पालघर-बोईसर पट्ट्यातील प्रेक्षकांच्या अभिप्रायांचा मागोवा

चित्रपट किंवा मालिका पाहून झाल्यावर शेजारी, सहकारी आणि सहप्रवासी यांच्याशी बोलताना सहज व्यक्त होणारे मत, म्हणजेच अनौपचारिक अभिप्राय, हा मराठी चित्रपटविषयक लेखनात क्वचितच अभ्यासाचा विषय झाला आहे. वृत्तपत्रांतील परीक्षणे जतन होतात आणि १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या चित्रपट संस्थांमधील चर्चांचीही काही नोंद राहते; परंतु कारखान्याच्या उपाहारगृहात, नळावर किंवा गाडीच्या डब्यात जे बोलले जाते ते तिथेच विरून जाते. वास्तविक एखादा चित्रपट दुसऱ्या आठवड्यात तग धरणार की नाही, हे बरेचदा याच बोलण्यावर ठरते आणि चित्रपट व्यवसायात त्याला 'माउथ पब्लिसिटी' असे नावही आहे. या बोलण्याचा पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्यातील सुमारे अर्ध्या शतकाचा प्रवास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते : येथील अभिप्राय हा निव्वळ आवडनिवड सांगणारा कधीच नव्हता, तो मुख्यतः कथा सांगण्याचा प्रकार होता, कारण येथील प्रेक्षक एकाच वेळी एकत्र बसून फारसे काही पाहूच शकत नव्हते.

याचे कारण या भूभागाच्या घडणीत आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये कार्यान्वित झाल्या, त्यानंतर बोईसरलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत विस्तारली आणि मांगेली, वाडवळी, वारली या बोली बोलणाऱ्या गावांशेजारी देशाच्या अनेक प्रांतांतून आलेल्या कामगारांच्या व कर्मचाऱ्यांच्या चाळी, खोल्या आणि वसाहती उभ्या राहिल्या. रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांचे कारखाने अहोरात्र चालत असल्याने कामाची विभागणी तीन पाळ्यांत झाली. साधारणपणे सकाळी सात ते दुपारी तीन ही पहिली, तीन ते रात्री अकरा ही दुसरी आणि अकरा ते सात ही रात्रपाळी. दुसरीकडे पालघर-बोईसरहून रोज मुंबईकडे कामाला जाणारा वर्ग भल्या पहाटे घर सोडत असे आणि दिवेलागणीनंतर परतत असे. घड्याळाने असे विभागलेल्या वस्तीत सर्वांनी मिळून पाहण्याची वेळ मुळातच दुर्मीळ होती.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, मात्र वरळीच्या प्रक्षेपण मनोऱ्यापासून दूर, विरारच्याही पुढे असलेल्या या पट्ट्यात चित्र स्वच्छ दिसण्यासाठी उंच खांबावरचा अँटेना आणि त्याला जोडलेले 'बूस्टर', म्हणजे क्षीण झालेल्या लहरींची ताकद वाढवणारे छोटे उपकरण, यांची गरज भासे. संच मोजक्याच घरी असत, त्यामुळे शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट पाहायला ओटीवर गर्दी जमे, आणि चित्रावर मुंग्या आल्या की एकाने अँटेना फिरवायचा व दुसऱ्याने आतून "आलं, आलं, राहू दे तसंच" असे ओरडायचे, ही चित्रपट पाहण्याचीच एक बाजू होती. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील 'चिमणराव' ही मालिका १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली तेव्हा दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ही घरातली माणसे झाली. त्या काळातील अभिप्राय पात्रांविषयी असे, कलाकृतीविषयी नव्हे. "गुंड्याभाऊ अगदी आपल्या अमक्यासारखा" हा त्यातला सर्वोच्च पुरस्कार होता. लेखक, दिग्दर्शक, छायाचित्रण यांचा उल्लेख त्यात येत नसे, आणि म्हणून तो उणा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण पात्र ओळखीचे वाटणे ही कसोटी अत्यंत कठोर असते.

१९८०च्या दशकात भाड्याने आणलेल्या व्हिडिओ संचाने यात भर घातली. गणपतीत किंवा लग्नाच्या हळदीनंतर वर्गणी काढून रंगीत संच व कॅसेटी आणायच्या आणि रात्रभर ओळीने तीन चित्रपट लावायचे, अशी पद्धत सर्वत्र रूढ होती. तिसरा चित्रपट पहाटे संपेपर्यंत अर्धे प्रेक्षक झोपलेले असत, त्यामुळे सकाळी चहाच्या वेळी जागलेल्यांनी झोपलेल्यांना शेवट सांगण्याचे काम ओघानेच येई. 'धूमधडाका' (१९८५) किंवा 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) यांसारख्या विनोदी चित्रपटांतील संवाद हावभावांसह म्हणून दाखवणारा मुलगा हा त्या सकाळचा समीक्षक असे. जो प्रसंग तो पुन्हा करून दाखवे तो जमलेला आणि जो तो वगळे तो फसलेला, इतका हा निवाडा थेट होता.

याच काळातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे २५ जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी प्रसारित झालेली रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका. देशभर तिच्या वेळी रस्ते ओस पडत, हे सर्वश्रुत आहे. पण या पट्ट्याच्या दृष्टीने विशेष असे की मालिकेचे चित्रीकरण डहाणूच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत असलेल्या उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत होत होते. बोईसरहून वाणगाव, डहाणू रोड, घोलवड, बोर्डी रोड अशी स्थानके मागे टाकली की उंबरगाव येते. जी अयोध्या आणि जी लंका दिल्ली-लखनौच्या प्रेक्षकांना दूरची व दैवी वाटत होती ती येथील माणसाला गाडीने तासाभराच्या टप्प्यात होती, आणि श्रद्धेने हात जोडून पाहणे व सेट कसा उभारला याची चौकशी करणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी सुखाने नांदू शकत होत्या.

शिवाय पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात रामायण-महाभारतातील पात्रे पाहण्याची फार जुनी सवय होती. तेथे उन्हाळ्यात होणारा बोहाडा, म्हणजे देवदेवता, राक्षस आणि पशू यांचे मोठाले मुखवटे चढवून वाद्यांच्या ठेक्यावर रात्री सोंगे नाचवण्याचा उत्सव, हा आदिवासी गावांचा मोठा सोहळा आहे. बोहाड्यात रावणाचे सोंग हे भीतीपेक्षा दिमाखाने पाहिले जाते. मुखवट्याचे वजन, नाचणाऱ्याचा दम आणि पदन्यास यांवर मत दिले जाते, कथा तर सर्वांना पाठच असते. ज्या प्रेक्षकाची नजर अशा सोंगांवर तयार झाली आहे, तो दूरदर्शनवरील रावणाकडेही सोंग किती वठले या नजरेनेच पाहणार. अरविंद त्रिवेदी यांच्या रावणाला सर्वदूर जी दाद मिळाली तीत हा ग्रामीण सादरीकरणाचा संस्कारही असावा, असे मानायला पुरेसा आधार आहे. शहरी समीक्षेने मात्र त्या मालिकेचा विचार जवळजवळ नेहमी धर्म आणि राजकारण यांच्याच चौकटीत केला, आणि सोंगाची ही पारख तिच्या नजरेतून निसटली.

१९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाल्यानंतर केबलचे जाळे पसरले, १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्या, आणि संध्याकाळी सात ते साडेदहा ही दैनंदिन मालिकांची वेळ पक्की झाली. ही वेळ दुसऱ्या पाळीच्या पोटात पूर्णपणे सामावते. 'आभाळमाया' किंवा तीन हजारांहून अधिक भाग चाललेली 'चार दिवस सासूचे' यांसारख्या मालिका घरात रोज पाहिल्या जात असताना कुटुंबातील एक माणूस आठवडाभर यंत्रासमोर उभा असे, पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की तो पुन्हा पडद्यासमोर येई आणि मधल्या भागांचे काय झाले ते त्याला कुणीतरी सांगावे लागे. रात्री साडेअकराला परतलेल्या नवऱ्याला जेवण वाढताना "तिने सही केली का गं शेवटी?" या प्रश्नाचे उत्तर देणारी गृहिणी केवळ माहिती देत नव्हती. पाच दिवसांच्या कथानकातून काय सांगायचे आणि काय गाळायचे हे ठरवताना ती निवड करत होती, आणि निवड हीच समीक्षेची पहिली पायरी असते. "काही झालं नाही, नुसते चेहरे दाखवले" हे वाक्य म्हणजे कथानक ताणण्याच्या तंत्रावरील, एकाच प्रतिक्रियेसाठी सहा जणांचे चेहरे आलटून पालटून दाखवण्याच्या रूढीवरील, अत्यंत अचूक टीका होय. टीआरपी, म्हणजे कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला याचे निवडक घरांतील मोजमापावरून काढलेले गुणांकन, या निवेदनाची दखल घेऊ शकत नव्हते. कारण मालिका न पाहताही तिच्यात गुंतलेला हा श्रोता मोजणीत कुठेच बसत नव्हता. पुढे वाहिन्यांनी सकाळी-दुपारी पुनःप्रसारण वाढवले तेव्हा दुसऱ्या पाळीची सोय झाली, तरी रात्रपाळीचा माणूस त्या वेळी झोपलेला असल्याने सांगणाऱ्याची गरज सरली नाही.

घराइतकेच महत्त्वाचे दुसरे स्थान रेल्वेचा डबा हे होय. सुरत आणि मुंबई यांच्यामध्ये धावणाऱ्या फ्लाईंग राणीला १९७९ मध्ये दुमजली डबे जोडले गेले आणि ते २०२३ पर्यंत टिकले. पासधारकांचे ठरलेले गट आणि ठरलेली जागा यांमुळे बोलायला निवांतपणा मिळे. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत वाढली, तेव्हा पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव येथील प्रवाशांचा वर्ग रुंदावला. डब्यातील अभिप्रायाला घरातल्यापेक्षा वेगळी शिस्त असते, कारण तेथे मत मांडणाऱ्याला लगेच प्रतिवाद ऐकावा लागतो आणि उद्या पुन्हा त्याच माणसांसमोर बसायचे असते. "इंटरव्हलपर्यंत बरा आहे", "एकदा बघायला हरकत नाही", "पैसा वसूल", "घरच्यांना नेऊ नका" ही वाक्ये ऐकायला सैल वाटतात, पण प्रत्येकात एक व्यवहार दडलेला असतो. ज्याला चित्रपटासाठी वसई-विरारच्या बहुपडदा चित्रपटगृहापर्यंत जायचे आहे, त्याला तिकिटाच्या जोडीला सुट्टीचा दिवस, गाडीचे वेळापत्रक आणि कुटुंबाचा खर्च मोजावा लागतो. चुकीचा सल्ला देणाऱ्याची पत त्या डब्यात महिनाभर तरी घसरते.

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने या बोलण्याची मर्यादाही दाखवून दिली. गाण्यांसाठी गेलेला प्रेक्षक हैदराबादमधील उत्तरार्धाला संथ म्हणत होता, तर दुसरा तोच भाग खरा चित्रपट मानत होता. पण जातीच्या प्रश्नाला भिडणाऱ्या शेवटाविषयी बोलताना दोघेही "बघवलं नाही" या शब्दांवर थांबत. वेगवेगळ्या जातींची माणसे मांडीला मांडी लावून बसलेल्या डब्यात जातीचा उच्चार टाळण्यासाठी हे वाक्य फार सोयीचे होते. चित्रपटाने जे उघड केले ते बोलण्याने पुन्हा झाकले. त्याला भित्रेपणा म्हणता येईल. तथापि त्या वाक्यानंतर पसरणारी शांतता सर्वांना समजत होती आणि छापील परीक्षणांतल्या पानभर विवेचनापेक्षा ती अधिक बोलकी होती, हेही तितकेच खरे.

मार्च २०२० मधील टाळेबंदीत गाड्या थांबल्या, मालिकांचे चित्रीकरण थांबले आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले. अनेक घरांत प्रथमच सर्व पाळ्यांची माणसे एका वेळी पडद्यासमोर बसली. ती स्थिती अल्पकाळ टिकली. त्यानंतर रूढ झालेल्या ओटीटीने, म्हणजे इंटरनेटवरून हवे ते हव्या त्या वेळी पुरवणाऱ्या सेवेने, प्रत्येकाचे पाहणे त्याच्या त्याच्या मोबाइलवर नेले. वरवर पाहता पाळीतल्या कामगारासाठी हा न्याय होता, कारण आता त्याचे काहीच चुकत नव्हते. परंतु याच टप्प्यावर एक जुना शिष्टाचार उलटा झाला. शेवट सांगणे ही एके काळी दुसऱ्या पाळीच्या माणसाची सेवा होती, आता तो अपराध मानला जातो. "सांगू नकोस, माझे दोन एपिसोड राहिलेत" म्हणून संभाषण सुरू होण्याआधीच मिटते. निवेदन गेले तसा अभिप्रायही आखूड झाला आणि "मस्त आहे, बघ" एवढ्यावर येऊन थांबला. हे नुकसान मोठे आहे.

तरीही जेथे विषय स्थानिक आयुष्याला भिडतो तेथे जुनी समृद्धी परत येते. २०१९ मधील 'चेर्नोबिल' ही अणुभट्टीच्या अपघातावरील परदेशी मालिका तारापूरच्या वसाहतीत इतरत्र पाहिली गेली तशी पाहिली जाणे अशक्यच होते. जेथे घराघरांत अणुभट्टीवर काम करणारे किंवा निवृत्त झालेले माणूस आहे, तेथे चेर्नोबिलची भट्टी ग्रॅफाइटवर आधारलेल्या सोव्हिएत धाटणीची होती आणि तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातील अमेरिकी बनावटीच्या आहेत, हा फरक मुलांना समजावून सांगणे हाच अभिप्राय होतो. २०२२ मध्ये आलेल्या 'रॉकेट बॉइज' या मालिकेत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे नायक आहेत आणि तारापूर प्रकल्पाची पायाभरणी करणारे निर्णय त्यांच्याच हयातीत झाले, त्यामुळे वसाहतीतील प्रेक्षक तिच्याकडे आपल्या संस्थेचा पूर्वेतिहास म्हणून पाहतो. मात्र तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली, आणि त्या कुटुंबांतील तरुण तीच मालिका पाहतो तेव्हा त्याचा प्रश्न भाभांच्या व्यक्तिरेखेतील अभिनयाविषयी नसतो. त्याला हे विचारायचे असते की या कथेत समुद्रकाठची गावे कोणत्या भागात येणार आहेत. तो प्रश्न आजवर पोफरणच्या पुनर्वसित वस्तीतच विचारला गेला आहे, आणि तेथील घरांत 'रॉकेट बॉइज'ची गोष्ट सांगताना सांगणारा शेवटच्या भागापुढेही बोलत राहतो.