आयता ग्राफ आणि भिवंडीचे आकडे

भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ५,९८,७४१ होती. २०११मध्ये ती ७,०९,६६५ झाली. दहा वर्षांत साडेअठरा टक्क्यांची वाढ. हे दोन आकडे एक्सेलमध्ये भरून स्तंभालेखाचं बटण दाबलं, की दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुपटीहून उंच दिसतो. बेरीज-वजाबाकीत कुठे चूक नसते. एक्सेलने उभा अक्ष शून्याऐवजी पाच लाखांच्या पुढेमागे कुठेतरी सुरू केलेला असतो, एवढंच. त्याचा ठरलेला नियम आहे: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक षष्ठांशाहून कमी असेल, तर अक्ष शून्यापासून धरायचा नाही. भिवंडीचा फरक १५.६ टक्के भरतो, म्हणजे अगदी काठावरून त्या नियमात जाऊन बसतो. समजा अक्ष बरोबर पाच लाखांवर सुरू झाला, तर पहिल्या स्तंभाच्या वाट्याला ९८,७४१ची उंची येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला २,०९,६६५ची. बघणारा म्हणाला, "भिवंडी दुप्पट झाली," तर त्याचं काय चुकलं?

मी मानकोलीजवळच्या एका गोदामात एमआयएसचं काम करते. आत आलेला माल, बाहेर गेलेला माल, डॉकवर खोळंबलेल्या गाड्या, या सगळ्याचे आकडे दिवसभर माझ्याकडे येतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे ग्राफ होऊन साहेबांच्या फोनवर जातात. ग्राफ काढायला आता कुणाला शिकावं लागत नाही. माझा वाद आहे तो साधनांशी नाही, त्यांच्या आयत्या सेटिंगशी. अक्ष कुठून सुरू होणार, रंग कोणते, आकडे कसे लिहायचे, हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर भिवंडी नव्हती.

तरी अक्ष शून्यापासूनच हवा हे व्रत नाही. स्तंभ आपण लांबीने वाचतो, म्हणून त्याचा पाय कापला की खोटं होतं. रेषालेख आपण चढ-उताराने वाचतो. तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढला, तर ९८ आणि १०४ यांतला फरक दिसणारच नाही आणि डॉक्टर तो फेकून देतील. डोळा कशावरून काय मोजतो, याचा चोख अभ्यास विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४मध्ये मांडला. एकाच पट्टीवरच्या जागा आपण सगळ्यात अचूक ओळखतो, मग लांबी, मग कोन, त्याहून खाली क्षेत्रफळ, आणि रंगाची गडद-फिकट छटा पार तळाला. गोल चकतीचा आलेख, ज्याला सगळे पाय चार्ट म्हणतात, कोनावर चालतो. दोन-तीन फोडी असतील तर चालून जातो. आमच्याकडे महिन्याच्या मीटिंगमध्ये कोणत्या कंपनीचा किती माल याची बारा रंगांची चकती दाखवायची पद्धत होती. एकतीस टक्के आणि चौतीस टक्के कोणते, हे विचारल्यावर सगळे फोडीवर लिहिलेला आकडा वाचायचे. आकडाच वाचायचा तर चकती कशाला? हा प्रकार विल्यम प्लेफेअरने १८०१मध्ये छापला. त्याच माणसाने १७८६मध्ये रेषालेख आणि स्तंभालेखही दिले होते, म्हणून त्याला माफ.

साधनांचं म्हणाल तर तीन पायऱ्या आहेत. पहिली, काही न शिकता वापरायची: डेटारॅपर, फ्लरिश. तक्ता चिकटवा, आलेखाचा प्रकार निवडा, वेबवर चढवा. डेटारॅपर जर्मनीतलं, वर्तमानपत्रांसाठी बनलेलं. बातमीदाराला घाई असते हे त्याच्या कणाकणात दिसतं. फ्लरिश लंडनचं, २०२२मध्ये कॅन्व्हाने घेतलं. त्यात चित्रं हलतात, आणि हलतात म्हणून लोक उगाचच हलवतात. दुसरी पायरी नकाशांची. लीफलेट हे छोटं, फुकट साधन व्लादिमीर अगाफोन्किन या युक्रेनियन प्रोग्रामरने २०११मध्ये आणलं. त्याच्याखाली ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा घालता येतो, आणि तो नकाशा आपणच दुरुस्त करू शकतो. काल्हेर, राहनाळ, पूर्णा इथल्या गोदामांच्या गल्ल्या त्यावर काढता येतात, नावं मराठीत भरता येतात.

तिसरी पायरी डी-थ्री या प्रोग्रामिंग लायब्ररीची. माइक बोस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी स्टॅनफर्डमध्ये ती २०११मध्ये तयार केली, आणि वेबवरचे पुष्कळ नावाजलेले आलेख तिच्यावर उभे आहेत. तिचं काम बाबांना समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा मला त्यांचाच माग उपयोगी पडला. बाबा डॉबीच्या मागावर होते. डॉबीत लाकडी पट्ट्यांची साखळी फिरते. पट्टीवर जिथे खुंटी ठोकलेली असेल तिथली चौकट वर उचलली जाते, तिच्यातले उभे धागे वर येतात, खालून धोटा जातो. खुंटी नसेल तर चौकट खालीच राहते. कापडावरची नक्षी कुणी हाताने काढत नाही, ती खुंट्यांत लिहिलेली असते. डी-थ्रीमध्ये प्रत्येक आकड्याची पडद्यावरच्या एकेका आकाराशी अशीच गाठ मारतात. आकडा बदलला की आकार बदलतो, आकडा गेला की आकार जातो. बाबांना ते चटकन पटलं. मग त्यांनी माझा ग्राफ मागून घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "अगं, हा काय सांगतो ते मघापासून तूच तोंडाने सांगतेयस. मग हा काय करतोय?"

त्या दिवसापासून माझ्या ग्राफांवरचे 'मासिक आवक' छापाचे मथळे गेले. आता मथळा म्हणजे एक पूर्ण वाक्य: 'दिवाळीआधीच्या महिन्यात आवक सर्वांत जास्त'. रेषेचं नाव कोपऱ्यातल्या चौकोनात न ठेवता रेषेच्या टोकाशीच लिहायचं, म्हणजे डोळ्याला येरझारा नकोत. खाली आकडे कुठून आले आणि कोणत्या तारखेचे, हे बारीक अक्षरात. चित्र न दिसणाऱ्या माणसाचा फोन वाचून दाखवेल असं वर्णनही सोबत भरायचं; डेटारॅपरमध्ये त्यासाठी स्वतंत्र जागा आहे, आणि ती बहुतेक जण रिकामी सोडतात.

रंगांचं मला डॉकवर कळलं. आमचे लोडिंग सुपरवायझर काका हुशार आहेत, गाडी बघून किती पेट्या बसतील ते सांगतात. पण स्क्रीनवर उशीर झालेल्या गाड्या लाल आणि वेळेवरच्या हिरव्या दिसत असताना ते प्रत्येक वेळी विचारायचे, "ताई, यातली लेट कोणती?" त्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. पुरुषांमध्ये ही गोष्ट बायकांहून बरीच जास्त आढळते, आणि डॉकवर तर सगळे पुरुषच. आता उशिराची गाडी गडद नारिंगी, वेळेवरची निळी, आणि नारिंगीवर 'उशीर' असा शब्दही. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या सहा पायऱ्या हिरव्यापासून गडद किरमिजीपर्यंत जातात. काकांसारख्यांना तिथेही रंगापेक्षा शेजारचा आकडाच कामाला येतो. फिकटापासून गडदाकडे सरळ जाणारी रंगमाला घेतली, तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही चढती भाजणी टिकते. २०१५मध्ये आलेली व्हिरिडिस ही रंगमाला याच हिशोबाने बनवलेली आहे.

आकडे लिहिण्याची तऱ्हा हा तर रोजचा वैताग. बहुतेक साधनं सात लाख दहा हजारांचे '७१० के' करतात आणि दहा लाखांचा 'एक एम'. गोदामातल्या कुणालाही मिलियनमध्ये माल मोजता येत नाही, आणि यायचं कारणही नाही. उपाय आहे, फक्त मागून घ्यावा लागतो. ब्राउझरला भाषा मराठी, प्रदेश भारत असं सांगितलं, की तो स्वतःच ७,०९,६६५ असं देवनागरी अंकांत आणि लाखाच्या स्वल्पविरामासह लिहितो. डी-थ्रीलाही आधी तीन, मग दोन-दोन अंकांचे गट पाडायला सांगता येतं. अक्षरांचंही तेच. 'भिवंडी-निजामपूर', 'कल्याण-डोंबिवली', 'मीरा-भाईंदर' ही नावं उभ्या स्तंभांखाली मावत नाहीत. साधन ती तिरकी करतं, आणि तिरकी देवनागरी फोनवर वाचणं म्हणजे मानेला व्यायाम. स्तंभ आडवे केले की नावं सरळ बसतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाचं राहिलं तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, म्हणून तेही वाढवायचं. हे सगळं ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर तपासून उपयोग नाही. माझा ग्राफ बघणारा माणूस अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये, तडा गेलेल्या काचेच्या फोनवर, उन्हात बघत असतो.

नकाशा दिसायला सगळ्यात छान आणि फसवायला सगळ्यात पटाईत. महाराष्ट्राचे जिल्हे रंगवा: गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटरचा, मुंबई शहर जिल्हा १५७चा. नकाशावर गडचिरोली नव्वद पटींहून मोठी दिसते. २०११ला तिथे साधारण पावणेअकरा लाख लोक होते आणि मुंबई शहरात जवळपास एकतीस लाख. माणसांविषयी बोलायचं असेल तर जिल्हा रंगवण्यापेक्षा लोकसंख्येच्या मापाचं वर्तुळ ठेवणं बरं. सरासरीही अशीच फसवते. २६ जुलै २००५च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्हींची सरासरी पाचशेच्या वर निघते, आणि तेवढा पाऊस यातल्या एकाही ठिकाणी पडलेला नव्हता. आमच्या डॉकवरचा गाड्यांचा खोळंबाही सरासरीत गुळगुळीत दिसायचा. प्रत्येक गाडीचा एक ठिपका मांडला तेव्हा दोन वेगळे पुंजके दिसले, एक झटपट सुटणाऱ्या गाड्यांचा, दुसरा संध्याकाळनंतर येऊन अडकणाऱ्यांचा. शिफ्ट बदलली ती त्या ठिपक्यांमुळे.

प्रश्न ओळखून काढलेला ग्राफ बघायचा असेल तर रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये बघावा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर एकाखाली एक स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोडला कोणती मालगाडी कुणाला वाट देण्यासाठी थांबली, ते आडव्या झालेल्या रेघेवरून कळतं. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये छापली गेली, आणि अजून तिच्याहून सोपं काही मला सापडलेलं नाही.

खरा वेळ मात्र चित्रात जात नाही, आकडे गोळा करण्यात जातो. सरकारी तक्ते पीडीएफमध्ये अडकलेले असतात. ते टॅब्युला नावाच्या फुकट साधनाने सोडवता येतात, पण स्कॅन केलेलं पान असेल तर तेही हात टेकतं. युनिकोडपूर्व फॉन्टातलं मराठी कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा हाती येतो. भिवंडीचं इंग्रजी स्पेलिंग तर 'डब्ल्यू'ने की 'व्ही'ने, इथूनच दोन तक्ते एकमेकांना ओळखेनासे होतात. म्हणून जोडणी गावाच्या नावावर न करता जनगणनेच्या किंवा स्थानिक शासन निर्देशिकेच्या सांकेतिक क्रमांकावर करायची. आणि हद्दी बघायच्या. ठाणे जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. त्या भागात २०११ला जवळपास तीस लाख लोक होते. जुन्या आणि नव्या ठाण्याचे आकडे एकाच रेषेत ओवले, तर मध्येच तीस लाख माणसं नाहीशी होतात. रेषा तिथे तोडावी, नाहीतर सगळी वर्षं आजच्या हद्दीप्रमाणे पुन्हा मोजावीत.

भिवंडीचा तो पहिला ग्राफ मला पुढे न्यायचा आहे, आणि त्यातली अडचण आत्ताच दिसते. २०२१ची जनगणना झालीच नाही. आज भिवंडीची म्हणून सांगितली जाणारी कोणतीही लोकसंख्या हा अंदाज आहे. तो तुटक रेषेने काढायचा, ठळक रेषेने नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ते आकडे आले की २००१, २०११, २०२७ अशी तीन वर्षं एक्सेलमध्ये भरली जातील. वर्षं नुसती नावं म्हणून भरली, तर तो तिघांना सारख्या अंतरावर ठेवील. प्रत्यक्षात पहिलं अंतर दहा वर्षांचं आहे, दुसरं सोळा, आणि सोळा वर्षांची वाढ दहाच्या जागेत कोंबली की रेषा आहे त्याहून कितीतरी उभी चढते. आडवा अक्ष तारखांचा करायचा किंवा स्कॅटरचा प्रकार निवडायचा, म्हणजे तिसरा ठिपका आपल्या जागी जातो.