नवजात बालकाची कावीळ : विषाणू, पित्तवाहिनी आणि हातचे दिवस

चरकसंहितेत कामलेच्या एका प्रकारात रुग्णाचा मल वाटलेल्या तिळांसारखा होतो, असे वर्णन आहे. ही रुद्धपथ कामला. हेच लक्षण नवजात बालकात दिसले, तर चिकित्सकाचे पहिले कर्तव्य औषधयोजना नव्हे, त्वरित निदान हे होय.

पूर्ण दिवसांच्या बालकाची सर्वसाधारण कावीळ बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. स्तनपानाशी निगडित कावीळ अधिक काळ रेंगाळते. परंतु तीत मल पिवळाच राहतो. याउलट बिलिअरी अ‍ॅट्रेसिया या विकारात यकृताबाहेरील पित्तवाहिन्या सुजून, तंतुमय होऊन बंद पडतात. मल पांढुरका व मूत्र गडद होते. मात्र बालक प्रारंभी दूध नीट पिते, बाळसेही धरते. फसगत होते ती येथेच.

या विकाराच्या मुळाशी विषाणू असावा, असा संशय आहे. रिओ, रोटा व सायटोमेगॅलो या विषाणूंचा त्या दृष्टीने अभ्यास झाला. नवजात उंदरांत रोटा विषाणूच्या लागणीनंतर पित्तवाहिन्या बंद पडल्याचे प्रयोगांत आढळले. विषाणू नाहीसा झाल्यावरही शरीराची प्रतिकारक्रिया वाहिन्यांना इजा करीत राहते, असा तर्क आहे. मानवात हा कार्यकारणभाव अद्याप सिद्ध झालेला नाही. म्हणून रक्तात सायटोमेगॅलोचा पुरावा मिळाला, तरी 'विषाणूजन्य यकृतशोथ' म्हणून थांबू नये. दोन्ही एकत्र असू शकतात.

जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ साली आतड्याचा भाग थेट यकृताला जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती ६० दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक. पुढे ती घटत जाते. अनेकांना नंतर यकृतप्रत्यारोपण लागते; परंतु काहीच न केल्यास बहुतेक बालके दोन-तीन वर्षांत दगावतात. तैवानने २००४ पासून मलाच्या रंगाचे चित्रपत्रक देशभर मातांच्या हाती दिले आणि शस्त्रक्रिया वेळेत होण्याचे प्रमाण वाढले.

चिकित्सकांनी दोन आठवड्यांनंतरही पिवळ्या दिसणाऱ्या प्रत्येक बालकाचा मल स्वतः पाहावा. तो फिका असल्यास त्याच दिवशी एकूण व प्रत्यक्ष बिलिरुबिनची तपासणी सांगून बालशल्यचिकित्सकांकडे पाठवावे. के जीवनसत्त्वाच्या (व्हिटॅमिन K) अभावाने अशा बालकाच्या मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. औषधविक्रेत्यांनी तान्ह्या बाळासाठी काविळीचे औषध मागणाऱ्यास आधी मलाचा रंग विचारावा. तंतुमय झालेली वाहिनी कोणत्याही काढ्याने उघडत नाही. काढ्याच्या प्रतीक्षेत गेलेले दिवस मात्र परत येत नाहीत.