चौविहार सांभाळून बँकॉक

मुंबईहून निघालेले विमान चार-साडेचार तासांत बँकॉकला पोहोचते आणि घड्याळ अवघे दीड तास पुढे करावे लागते. अंतर इतके थोडे असूनही कित्येक जैन घरांतून या सहलीला वडीलधारी माणसे निघत नाहीत. मुलगा-सून नातवंडांना घेऊन जातात आणि आजी-आजोबा मागे राहतात. कारण विचारले तर ‘तिथे आमच्या खाण्याचे काय?’ एवढेच उत्तर मिळते. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर विमानात बसल्यावर शोधायचे नसते. ते तिकीट काढण्यापूर्वीच शोधावे लागते.

सुरुवात पंचांगापासून करावी. थायलंडमध्ये मे ते ऑक्टोबर हा पावसाळा असतो. त्या काळात बौद्ध भिक्षूही तीन महिने एकाच विहारात वर्षावास करतात. आपला चातुर्मास आणि त्यांचा वर्षावास यांमागचा विचार सारखाच आहे, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. सहसा त्याच पौर्णिमेला तिथे ‘लॉय क्रथाँग’ हा नदीत दीप सोडण्याचा उत्सव असतो. त्यानंतरचे तीन महिने हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात सौम्य असते. तीन रात्री, चार दिवसांच्या सहलीसाठी याहून बरा काळ नाही.

या दिवसांत एक अडचण मात्र असते. नोव्हेंबरच्या अखेरीस बँकॉकमध्ये सूर्योदय साडेसहाच्या थोडा आधी आणि सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्याला संध्याकाळचे जेवण सव्वापाचपर्यंत आटोपावे लागते, आणि या शहराची प्रसिद्ध खाऊगल्ली त्याच वेळी जागी होऊ लागते. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात हमखास असणारी नदीवरील रात्रीची भोजननौका चौविहारवाल्या कुटुंबाने सरळ वगळावी. तीत पैसा जातो, नियम मोडतो आणि शेजारच्या टेबलावर काय वाढले आहे ते पाहून जेवणही गोड लागत नाही. त्याऐवजी जेवण उरकून सूर्यास्ताच्या सुमारास साधी प्रवासी नौका पकडावी. चाओ फ्राया नदी तीच, दिव्यांनी उजळलेले वाट अरुणचे शिखरही तेच, आणि भाडे अगदी किरकोळ.

मुक्काम कुठे करावा, यावर निम्मी सहल अवलंबून असते. बँकॉक ही रंगीत रत्नांची जगातील एक मोठी बाजारपेठ आहे. त्या व्यापाराच्या निमित्ताने जयपूर, गुजरातकडची जैन कुटुंबे सीलोम मार्गाच्या परिसरात स्थिरावली आहेत. तेथे जैन मंदिर आहे आणि भारतीय शाकाहारी भोजनालयेही आहेत. याच भागात राहिल्यास सकाळी देवदर्शन होते, नवकारशी पारून बाहेर पडता येते आणि साफान ताक्सिन स्थानकाजवळच्या साथोर्न धक्क्यावरून नौकेने थेट जुन्या शहरात जाता येते. आठवड्याच्या कोणत्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत जैन थाळी मिळते, याची चौकशी भोजनालयात आधीच करून ठेवावी. संध्याकाळी पाच वाजता चूल पेटलेली असेलच, असे गृहीत धरू नये.

आता थाई जेवणाविषयी. तिथे ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबता येत नाही. ‘मांगसाविरात’ म्हणजे मांसविरहित. त्यात अंडे असू शकते. माशाचा रस म्हणजे ‘नाम प्ला’ आणि कोळंबीची चटणी म्हणजे ‘कापी’, हे तर तिथल्या स्वयंपाकाचे मीठ-मसालेच. कच्च्या पपईचा ‘सोम ताम’ दिसायला निरुपद्रवी कोशिंबीर. पण तीत बहुधा माशाचा रस आणि सुकी कोळंबी असते. तेव्हा ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पताकेवर तांबडे अक्षर, काहीसे इंग्रजी सतरा या अंकासारखे, ही त्याची खूण. चिनी बौद्ध परंपरेतल्या या आहारात मांस, मासे, अंडी, दूध नसतेच, शिवाय कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. शारदीय नवरात्राच्या सुमारास नऊ दिवसांचा जे-उत्सव असतो, तेव्हा या पताका गल्लोगल्ली दिसतात. एरवीही जे-भोजनालये शोधली की सापडतात.

तरीही ‘जे’ म्हणजे जैन नव्हे. बटाटा, गाजर, मुळा, आले त्यांना चालते आणि अळिंबी तर भरपूर असते. शिवाय सोया आणि गव्हाच्या सत्त्वापासून बदक, मासा अशा आकारांचे पदार्थ करण्याची त्यांना हौस आहे. ज्यांनी यशोधर राजाच्या कथेतील पिठाचा कोंबडा ऐकला आहे, त्यांच्या घशाखाली तो घास उतरणार नाही, आणि उतरू नये हेच बरे. कांदा, लसूण, कंदमुळे, अळिंबी, अंडे, मासा, माशाचा रस यांतले काहीही नको, असे थाई लिपीत लिहिलेले कार्ड एखाद्या जाणकाराकडून तपासून घेऊन प्रत्येकाच्या खिशात ठेवावे. ते दाखवून ताज्या पालेभाज्या, टोफू आणि भात समोर शिजवून घेता येतो. गोडात नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा हा पदार्थ एकदा खावाच. फळांमध्ये मँगोस्टीन, रांबुतान, पपनस आहेत, शहाळे आहे. बाकी खाकरा, मेथीचे कोरडे ठेपले आणि उकळलेल्या पाण्यासाठी छोटी विजेची किटली सोबत असू द्यावी. विमानातील जैन जेवणाची नोंद मात्र किमान चोवीस तास आधी करावी लागते.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. चार दिवसांत थोडेच निवडावे. 1782 साली या राजधानीबरोबरच उभारणी सुरू झालेला राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो. उन्हाआधी पोहोचावे, खांदे व गुडघे झाकलेले असावेत. तिथली ‘पाचूची’ बुद्धमूर्ती नावापुरतीच पाचूची आहे, हे रत्नपारख्यांच्या घरात चवीने चर्चिले जाईल. जवळच्या वाट फोमधील 46 मीटर लांबीच्या शयनमुद्रेतील बुद्धाच्या तळपायांवर शिंपल्याच्या कामात 108 मंगलचिन्हे आहेत. अष्टमंगलाची ओळख असलेल्यांनी तिथे अंमळ रेंगाळावे. व्यापारी कुटुंबाला सर्वांत भावेल तो वाट त्रायमितचा सुवर्णबुद्ध. चुन्याच्या लेपाखाली दडलेली ही सुमारे साडेपाच टनांची मूर्ती 1955 मध्ये हलवताना लेप निखळला आणि आतले सोने दिसले. तोवर तिचे मोल कोणालाच ठाऊक नव्हते.

राजवाड्याबाहेर कोणी आपुलकीने ‘आज वाडा बंद आहे, चला, दुसरे काही दाखवतो’ म्हणाला, तर त्याच्या रिक्षात बसू नये. ती रिक्षा रत्नांच्या दुकानाशी थांबते. ही युक्ती इतकी जुनी आहे, तरी रोज कोणी ना कोणी फसतोच. आणि आपल्याला खड्यातले कळते असा ज्याचा समज, तो लवकर फसतो.

पैशाचा हिशेब सोपा आहे. थोडे बाथ भारतातूनच न्यावेत. परदेशी कार्डाने एटीएममधून रक्कम काढली की दर वेळी ठरावीक शुल्क कापले जाते, म्हणून छोट्या रकमा वारंवार काढू नयेत. दुकानदाराने कार्डाचे यंत्र पुढे करून ‘रुपयांत की बाथमध्ये?’ असे विचारल्यास बाथ निवडावेत. रुपयांचा दर ग्राहकाच्या तोट्याचा असतो. सहल कंपनीने पॅकेजवर वसूल केलेला टीसीएस हा खर्च नव्हे. तो विवरणपत्रात जमा धरता येतो, मात्र पावतीवर पॅन क्रमांक बरोबर आहे ना, ते पाहावे. पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनाचे डिजिटल कार्ड ऑनलाइन भरावे लागते. ते विनाशुल्क आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. व्हिसाचे नियम बदलत असल्याने तिकिटापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

स्वयंपाकाचे महाराज बरोबर नेणाऱ्या सहलीही निघतात. गुडघेदुखीच्या आजीला त्या सोयीच्या वाटतील. मात्र त्यांची निवड करताना संध्याकाळचे जेवण किती वाजता वाढणार, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. जाहिरातीत ‘शुद्ध जैन भोजन’ असते आणि बस वाहतुकीत अडकली की पंगत आठ वाजता बसते.