नुसते नाव पुरे

मंडळी, आपल्या कार्यक्रमांत नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न नोकरीचा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेत मात्र नुसते पहिले नाव सांगायचे. हुद्दा कोणी विचारत नाही.

१९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले. एक शेअरबाजारातला, दुसरा सर्जन. दोघेही दारूने पोळलेले. एकमेकांच्या आधाराने ते सावरले आणि त्यातून ही संघटना उभी राहिली. १९५० साली क्लीव्हलंडच्या अधिवेशनात तिच्या बारा परंपरा स्वीकारल्या गेल्या. पहिली एकजुटीची, शेवटची निनावीपणाची. फी नाही, दारू सोडण्याची इच्छा पुरे. पुढारी म्हणजे सेवक, सत्ताधारी नव्हेत. १९५४ साली येल विद्यापीठाने देऊ केलेली मानद पदवीसुद्धा बिल यांनी याच तत्त्वापायी नाकारली. एक जण मोठा झाला की गटात फूट पडायला वेळ लागत नाही.

आपल्याही काही घरांत हे दुखणे आहे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ते झाकले जाते आणि बायकामुले सोसत राहतात. अशांनी ‘ओपन’ सभेला एकदा जाऊन बसावे. तिथे कोणालाही जाता येते. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनचे वेगळे गट आहेत. समोरचा त्याच वाटेने आलेला असतो. त्याच्यापुढे लाज कसली?