छपरावरील सूर्य आणि घरांतील वीज

मिरजेंत छपरावर सौर पॅनेलें बसविलीं, कीं घरांतील वीज कधींच जाणार नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. महावितरणच्या तारांशीं जोडलेला साधा इन्व्हर्टर तारांतील वीज जातांच भर दुपारींहि बंद पडतो. हा बिघाड नव्हे. छपरावरील वीज तारांत उतरून दुरुस्ती करणाऱ्याचा जीव जाऊं नये, म्हणून केलेली ही तजवीज आहे.

ज्या घरीं आजाऱ्यासाठीं प्राणवायूचें यंत्र चालतें, तेथें बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टरच हवा. आणि हिशेबहि हवा. बारा व्होल्टांच्या, १५० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरींत १,८०० वॅट-तास सांठतात. ती निम्मीच वापरावी. म्हणजे ३०० वॅटांचें यंत्र जेमतेम तीन तास चालेल.

बॅटरी लौकर उतरूं लागली, तर प्रथम इन्व्हर्टर बंद करून तिच्या टोकांवरील जोड सैल वा गंजलेले आहेत काय, तें पाहावें. मग पाण्याची पातळी तपासावी. पाणी डिस्टिल्डच घालावें, नळाचें नव्हे. बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जागा हवेशीर असावी. आणि कृष्णाकांठीं २०१९ चा महापूर स्मरून ती उंचावरहि असावी.