वाळवणाचा हिशेब

चैत्र अर्धा सरला की खानदेशात, मराठवाड्यात आणि नगर-नाशिककडे गच्च्यांचा ताबा बायकांकडे जातो. जुन्या साड्या आणि प्लास्टिकचे कागद अंथरले जातात, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या जातात आणि कावळ्या-चिमण्यांना हाकलायला एखादं पोर बसवलं जातं. गहू भिजतो, उडीद दळला जातो, कोहळा किसला जातो. खानदेशात ज्वारीचे बिबडे घातले जातात, नाशिककडे नागलीचे पापड लाटले जातात. कोकणात थोड्या दिवसांनी आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलांची पाळी येते.

ही वाळवणं आता फक्त घरच्या डब्यात जात नाहीत. नोकरीमुळे वेळ नसलेली, गच्ची नसलेली, किंवा गच्ची असूनही सोसायटीची परवानगी नसलेली शहरातली घरं ती विकत घेतात. घरगुती म्हणून चार पैसे जास्तही मोजतात. मग करणारीच्या हातात त्यातलं किती राहतं?

ऊन फुकट मिळतं म्हणून हा धंदा स्वस्तात होतो, असा एक समज आहे. तो कुरडईपाशी लगेच मोडतो. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. नंतर तो वाटून, पिळून, गाळून त्यातला चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं. आधणात मीठ-हिंग घालून चीक ओतायचा आणि हाटायला लागायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच, आणि गुठळी सोऱ्यात अडकली की सगळं काम थांबलं. चीक कच्चा राहिला तर वाळताना कुरडई तुटते, तळताना फुलत नाही. हे सगळं ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, कारण चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून नीट उतरतो. मग दोन-तीन दिवस कडक ऊन आणि मध्ये एकदा उलटणं. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात. वाटीभर गरम चिकात तेल घालून खाणाऱ्या मुलांचा वाटा वेगळा. तो कुठल्याच हिशेबात येत नाही आणि येऊही नये.

विकताना मात्र बरीच गडबड होते. पहिल्यांदा भाव लावणारी बाई गहू, मीठ, गॅस आणि पिशवी एवढंच धरते. तीन दिवस भिजवणं, पहाटेचं उठणं आणि उन्हात बसणं ‘घरचंच तर आहे’ म्हणून सोडून देते. समजा तिघी जणींनी दोन दिवस मिळून एक घाणा काढला. या सहा दिवसांच्या मजुरीला आजूबाजूच्या शेतातल्या रोजाचा दर लावला, तर अनेकदा ती कच्च्या मालाच्या खर्चापेक्षा मोठी निघते. भाव ऐकून गिऱ्हाईक ‘एवढे?’ म्हणतं, तेव्हा ती हाच आकडा सोडून देते. गोधडीचंही तसंच. जुनी लुगडी फुकटची म्हणून टाक्यांचे दिवसही फुकट धरले जातात.

पापडाच्या धंद्यात हा प्रश्न मुंबईत फार पूर्वी सोडवला गेला. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. पुढे ‘लिज्जत’ नावाने सगळ्यांना माहीत झालेल्या या संस्थेत आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास बायका काम करतात. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, हलका स्वस्तात विकत. त्यांना पैसे देणाऱ्या छगनबाप्पांनी एकच, उत्तम प्रत ठेवायला सांगितलं.

पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, वर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. उपाय अगदी साधा, पण हंगामी कामाचं बारमाही काम त्यातून झालं.

लिज्जतची कामाची वाटणीही बघण्याजोगी आहे. पीठ एका ठिकाणी मळतात. बायका लाट्यांचं पीठ घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी लाटून वाळवलेले पापड आणून देतात. चव एकीच्या हातावर अवलंबून राहत नाही, आणि लाटण्याची मजुरी तिथल्या तिथे हातात पडते. लहान गावांत हीच पद्धत संस्थेशिवायही चालते. गिऱ्हाइकाने गहू किंवा उडीद आणून द्यायचा आणि करणारीने किलोमागे मजुरी घ्यायची. यात नफा थोडा, पण भांडवल अडकत नाही आणि माल पडून राहण्याची धास्तीही नसते. नव्याने उतरणारीने पहिला हंगाम असाच काढावा. एका किलोला आपले किती तास जातात, हे तिला त्यात नेमकं कळतं.

स्वतःच्या नावाने पाकीट विकायचं तर अंदाजपंचे चालत नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये वाटी-चमच्याचं माप दिलं, म्हणून नवशिक्या मुलींचाही स्वयंपाक जमून आला. धंद्यात त्याच्याही पुढे जाऊन तराजू लागतो. यंदा पापडखार जास्त, पुढच्या वेळी हिंग कमी, असं झालं की गिऱ्हाईक तोंडावर तक्रार करत नाही, फक्त परत येत नाही. पाकिटावर घटक पदार्थ, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह द्यावं लागतं. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. 2011 च्या नियमांत वर्षाला बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी ही सोपी नोंदणी ठेवली गेली, फी वर्षाला शंभर रुपये. एवढ्यासाठी घाबरून दलालाच्या हातात दोन-तीन हजार ठेवणाऱ्या बायका कमी नाहीत.

विक्रीसाठी ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांचं मुंबईतलं महालक्ष्मी सरस आणि पुण्यातली भीमथडी जत्रा ही मोठी ठिकाणं. तिथे पाकीट विकलं जातंच, शिवाय कुणी थांबतं, कुणी नुसतं बघून पुढे जातं, हे समोर दिसतं. स्टॉलवर कुरडई तळून हातावर ठेवली की भावावरून होणारी घासाघीस बरीच कमी होते.

वाळवण्याचं तंत्रही बदलतंय. उघड्या गच्चीवरची धूळ आणि अवकाळी पाऊस यांना सौर वाळवणी यंत्र हा एक उतारा आहे. महाराष्ट्रात शेतकरी बायकांना अशी यंत्रं देऊन कांदा-आलं वाळवून घेणाऱ्या ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’ला 2023 मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला. गिरणीवर शेवयांचं यंत्र तर केव्हाच आलंय. एप्रिलमध्ये तिथल्या रांगेत डबे आधी लागतात, माणसं मागून येतात. यंत्राची शेवई पाटावरच्या शेवईइतकी बारीक नसते, ही तक्रार खरी आहे. पण पाटावर वळणारीला तिच्या कामाचा दाम कुणी देत नसेल, तर तक्रारीचा हक्क कुणाला, हेही विचारायला हवं.

पैशाचं गणित मात्र अजून अवघड. गहू-उडीद मार्चमध्ये रोखीने भरावा लागतो. माल मे अखेर तयार होतो आणि विकला जातो पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत, तोही थोडा थोडा. तोवर जूनमध्ये लोणच्याच्या कैऱ्या, तेल आणि मोहरी दारात उभी असते. या मधल्या महिन्यांसाठी बचत गटाचं अंतर्गत कर्ज सगळ्यात जवळचं. केंद्राच्या 2020 च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या सभासदामागे चाळीस हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची आणि यंत्रांसारख्या खर्चावर पस्तीस टक्के, कमाल दहा लाख रुपये, अनुदानाची तरतूद केली गेली. बँकेच्या कर्जाशी जोडलेल्या या अनुदानासाठी प्रकल्पाचा आराखडा द्यावा लागतो. त्यात मजुरीचा रकाना असतो, आणि तो कोरा ठेवून चालत नाही.