कोविडनंतर थायरॉईडचे रुग्ण खरोखरच वाढले काय?

आपल्या गोंदिया जिल्ह्यात हल्ली पुष्कळ जण विचारतात, "कोविड झाल्यापासून घरोघरी थायरॉईड कसा?" या प्रश्नात तथ्य आहे, परंतु जेवढे वाटते तेवढे नाही.

मार्च २०२० मध्ये प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या. सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांतून रक्ततपासणीसाठी गोंदियास येणे कठीण झाले. त्या काळात तपासणीच न झालेला विकार पुढे उघडकीस येतो, तेव्हा तो नव्याने जडल्यासारखा भासतो. शिवाय थकवा व केस गळणे ही कोविडनंतरचीही लक्षणे असल्याने तपासण्या अधिक होतात आणि पूर्वीपासून असलेला सौम्य दोषही सापडतो.

तथापि हा विषाणू गळ्यातील या ग्रंथीला स्पर्शच करीत नाही, असेही नव्हे. तो ज्या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो, ते या ग्रंथीतही आढळते. २०२० मध्येच इटलीतील पिसा येथे १८ वर्षांच्या एका तरुणीस कोविडनंतर ग्रंथीचा वेदनादायक दाह झाल्याची नोंद झाली. मिलान येथील अभ्यासात रुग्णालयात दाखल २८७ कोविड रुग्णांपैकी ५८ जणांत संप्रेरकाचा अतिरेक दिसला. ते सारे दाखल झालेले रुग्ण होते, हे विसरू नये. घरीच बरे झालेल्यांना तो आकडा लागू पडत नाही.

दाहामध्ये ग्रंथीत साठलेले संप्रेरक एकदम रक्तात उतरते. मानेत दुखते, कळ कानापर्यंत जाते, छातीत धडधडते. संप्रेरकाची निर्मिती रोखणाऱ्या गोळ्या येथे निरुपयोगी ठरतात, कारण नवे संप्रेरक तयार होतच नसते. पुढे काही काळ त्याची कमतरता जाणवते आणि बहुतेकांची ग्रंथी काही महिन्यांत पूर्ववत होते. म्हणून एकाच अहवालावरून आयुष्यभराची गोळी सुरू करण्यापूर्वी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. गंभीर आजारात, तसेच स्टेरॉईड घेतल्यानेही टीएसएच तात्पुरता घटतो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. केसांसाठी घेतलेल्या अधिक मात्रेच्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर थायरॉईडचा अहवाल खोटा येतो. त्या किमान दोन दिवस आधी बंद कराव्यात व तसे प्रयोगशाळेत सांगावे. मात्र जुनी थायरॉईडची गोळी, विशेषतः गरोदर भगिनींनी, स्वतःहून बंद करू नये. पहिल्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते.